आपल्या प्रभागात कचरा हस्तांतरण केंद्र येणार असेल तर: ठाणे आणि नवी मुंबईतील रहिवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोपऱ्यावरच्या मोकळ्या भूखंडावर ‘कचऱ्याचे काहीतरी’ येणार असल्याची बातमी बहुधा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आधी पोहोचते आणि कागद कितीतरी नंतर हाती लागतो. मधल्या काळात अफवा आणि आश्वासने या दोन्हींना भरपूर वाव मिळतो. म्हणून असे केंद्र कशासाठी असते, त्याची जागा कशी ठरवतात आणि रहिवाशांनी कोणत्या टप्प्यावर काय विचारावे, याविषयी नेहमी येणारे प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत.

प्रश्न: कचरा हस्तांतरण केंद्र म्हणजे नेमके काय? डम्पिंग ग्राउंडपेक्षा ते वेगळे कसे?

गल्लीबोळांतून घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या घंटागाड्या लहान असतात. त्यांतला कचरा मोठ्या बंदिस्त कंटेनरमध्ये किंवा कॉम्पॅक्टरमध्ये (कचरा दाबून भरणाऱ्या यंत्रात) भरून पुढे प्रक्रिया प्रकल्पाकडे रवाना करण्याची जागा म्हणजे हस्तांतरण केंद्र. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्येही त्याची व्याख्या साधारण अशीच होती: संकलनाच्या भागातून आलेला कचरा स्वीकारून तो झाकलेल्या वाहनांतून किंवा कंटेनरमधून एकगठ्ठा प्रक्रिया अथवा विल्हेवाटीच्या ठिकाणी नेण्यासाठी उभारलेली सुविधा. मुंबईत महालक्ष्मी आणि कुर्ला येथील केंद्रे जुनी आहेत. ठाणेकरांना वागळे इस्टेटमधील सी. पी. तलावाजवळचे ठिकाण परिचित आहे.

कागदावर हा फरक स्वच्छ दिसतो. प्रत्यक्षात तो दोन गोष्टींवरून ओळखावा. आलेला कचरा उघड्या जमिनीवर पडतो की पक्क्या, छताखालच्या फरशीवर, हे एक. आणि दिवसअखेर ती फरशी रिकामी होऊन धुतली जाते की नाही, हे दुसरे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सलग आठ दिवस ‘नाही’ असे येत असेल, तर फलकावर काहीही लिहिलेले असो, तेथे डम्पिंग सुरू झाले आहे.

प्रश्न: घंटागाडी थेट प्रकल्पावर का जात नाही? मध्ये हा खटाटोप कशासाठी?

एक उदाहरण घेऊ. कासारवडवलीच्या बाजूने निघालेली गाडी माजिवडा, खारेगाव, मुंब्रा बायपास असे करत शीळ-डायघरच्या कचरा प्रकल्पाकडे जाते, तेव्हा एका बाजूचे अंतर वीस किलोमीटरच्या पुढे भरते. हिशेबासाठी ते २२ किलोमीटर धरू. दिवसाला १०० टन कचरा आणि एका घंटागाडीत १ टन असे गृहीत धरले, तर १०० फेऱ्या आणि ४,४०० किलोमीटर धाव होते. हाच कचरा पाच किलोमीटरवरच्या केंद्रात आणून तेथून १० टनांच्या हूक लोडरने (कंटेनर आकड्याने उचलून नेणाऱ्या मोठ्या गाडीने) पुढे नेला, तर घंटागाड्यांचे १,००० आणि मोठ्या वाहनांचे (१० फेऱ्या, पुढचे अंतरही २२ किलोमीटरच धरून) ४४० मिळून १,४४० किलोमीटर होतात. डिझेलची बचत यातून दिसतेच.

मला मात्र यात किलोमीटरपेक्षा तास महत्त्वाचे वाटतात. घोडबंदर रस्त्यावर किंवा बायपासच्या घाटात अडकलेल्या घंटागाडीबरोबर तिचा चालक आणि मदतनीसही अडकलेले असतात. त्यांची दुसरी फेरी चुकते आणि ज्या सोसायटीत ती फेरी व्हायची तेथला ओला कचरा दुपारपर्यंत दारात पडून राहतो. ‘घंटागाडी आलीच नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा त्या गल्लीत नसून पंधरा किलोमीटर दूरच्या वाहतूक कोंडीत असते.

या बचतीला मर्यादाही आहे. केंद्र बांधणे, तेथे यंत्रे आणि माणसे ठेवणे, कचरा दोनदा हाताळणे यांचा खर्च असतो. प्रकल्प जवळ असेल तेव्हा हा खर्च वाचलेल्या प्रवासापेक्षा जास्त भरतो आणि अंतर वाढत जाते तसे पारडे फिरते. ते नेमके किती अंतरावर फिरते, याचा तक्ता प्रस्तावासोबत असायलाच हवा. तो नसेल तर गरज सिद्ध झालेली नाही, असे लेखी म्हणण्यास रहिवाशांनी कचरू नये.

प्रश्न: मग नवी मुंबईत असे केंद्र लागेल का?

ठाण्याइतक्या सहजतेने होय म्हणता येत नाही. तुर्भे येथील प्रकल्प शहराच्या साधारण मध्यावर असल्यामुळे उत्तरेकडचा दिघा आणि दक्षिणेकडचे बेलापूर ही दोन्ही टोके तुलनेने जवळ पडतात, शिवाय ठाणे-बेलापूर मार्ग रुंद आहे. तरीही गावठाणांच्या अरुंद गल्ल्यांतून हातगाडीने किंवा छोट्या टेम्पोने गोळा होणारा कचरा कुठेतरी मोठ्या गाडीत चढवावाच लागतो. त्यासाठी एक-दोन कंटेनर मावतील असे छोटे, बंदिस्त ठिकाण पुरेसे ठरू शकते. तेथे मोठ्या केंद्राचा प्रस्ताव आला, तर आधी गाड्यांच्या प्रत्यक्ष फेऱ्यांची वेळ मोजून दाखवावी, असे म्हणणे रास्त आहे.

प्रश्न: केंद्र किती मोठे हवे, हे कशावरून ठरते?

दिवसाच्या सरासरीवरून ठरवले तर ते पहिल्याच आठवड्यात तोकडे पडते, कारण कचरा दिवसभर सारख्या ओघाने येत नाही. सकाळी घरे आटोपली की घंटागाड्या एकदमच भरतात. वरच्याच उदाहरणात १०० पैकी ४० गाड्या नऊ ते अकरा या दोन तासांत आल्या, तर ताशी २० गाड्या होतात. गाडी आत येणे, वजनकाटा, रिकामी करणे आणि बाहेर पडणे यांपैकी रिकामे करण्याच्या जागेवर तिची सहा मिनिटे जात असतील, तर एका जागेवर ताशी १० गाड्या रिकाम्या होतात. म्हणजे दोन जागा लागतात. पण त्या दोन्ही क्षणभरही न थांबता चालू राहिल्या तरच. एखादा कॉम्पॅक्टर तासभर बंद पडला की दहा गाड्या तुंबतात आणि गाडीमागे सात मीटर धरले तरी सत्तर मीटरची रांग रस्त्यावर उभी राहते. म्हणून येथे तीन जागा हव्यात आणि ती सत्तर मीटरची रांग फाटकाच्या आत मावायला हवी. आराखडा पाहताना इमारतीच्या आकारापेक्षा या दोन गोष्टी आधी शोधाव्यात.

दुसरी बाजू पुढे जाणाऱ्या वाहनांची. दिवसाच्या १० मोठ्या फेऱ्यांसाठी एका वाहनाच्या तीन फेऱ्या होतील असे मानले तर चार वाहने आणि एक राखीव लागते. मात्र ठाण्यात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. ती वजा केल्यावर तीनऐवजी दोनच फेऱ्या होत असतील, तर पाच वाहने आणि राखीव वेगळे. निविदेत हा हिशेब दिसला नाही, तर दुपारी फरशीवर कचरा साचणार हे आजच सांगता येते.

साठवणुकीचे गणित तुलनेने सोपे आहे. मिश्र कचरा घनमीटरला सुमारे ४०० किलो धरला, तर १०० टन म्हणजे २५० घनमीटर. दोन मीटर उंचीचा ढीग केला तर त्याला १२५ चौरस मीटर फरशी लागते, आणि लोडर फिरण्याची जागा त्याशिवाय सोडावी लागते.

प्रश्न: जागा शोधताना कोणत्या जागा सुरुवातीलाच बाद कराव्या लागतात?

ठाणे आणि नवी मुंबई खाडी आणि डोंगर यांच्यामध्ये वसलेली असल्यामुळे ही यादी येथे चांगलीच लांब होते. खाडीकाठचा सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्राचा) पट्टा आणि खारफुटी प्रथम वगळावी लागते. खारफुटीच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात राज्यभर बंदी कायम केली आणि तिच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित मानला. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये तो परिसर रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला. ‘खाडीकडेला मोकळी जागा आहे की’ हे वाक्य सभांमध्ये वारंवार ऐकू येते. ती मोकळी दिसणारी जागा बहुधा भरतीच्या पाण्याची असते.

येऊरच्या पायथ्याशी निराळा पेच आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झाले. त्याच्या हद्दीबाहेरची, पण जंगलाला लागून असलेली जागासुद्धा टाळावी, असे मला वाटते. उघड्या कचऱ्यावर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीपर्यंत येतो. हा क्रम त्या भागातील कोणीही सांगेल.

नवी मुंबईत आता विमानतळाचाही विचार करावा लागतो. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली. विमान नियम, १९३७ मधील नियम ९१ ने विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिघात पक्षी आकर्षित होतील अशा रीतीने कचरा टाकण्यास मनाई केली होती, आणि बेलापूर व नेरूळ या परिघात येतात. त्यामुळे तेथे एखादे छोटे केंद्र झाले तरी ते चारही बाजूंनी बंदिस्त असावे. घारी आणि कावळे पत्र्याच्या छताला जुमानत नाहीत. बाजू उघड्या असल्या की ते आत शिरतात.

याखेरीज पाणी तुंबणारे सखल भूखंड, तलावांच्या पाणलोटातील जागा, उच्चदाब वाहिन्यांखालच्या पट्ट्या आणि शाळा किंवा रुग्णालय यांना भिंत लागून असलेले आरक्षित भूखंड सरळ बाद करावेत.

प्रश्न: उरलेल्या जागांतून एक कशी निवडतात?

येथे नकाशापेक्षा रस्ता अधिक उपयोगी पडतो. ज्या भागांतून कचरा येतो त्यांच्या मध्याजवळ आणि ज्या दिशेने तो पुढे जायचा आहे त्या वाटेवर असलेली जागा सोयीची असते. प्रकल्पाच्या उलट दिशेला असलेल्या केंद्रात घंटागाडी आधी मागे येते आणि मोठी गाडी तेच अंतर पुन्हा कापते. वाटेतील अडथळे प्रत्यक्ष जाऊन पाहावेत. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पावसाळ्यात पाणी साचते हे कळव्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या वाटेवर विसंबलेले केंद्र जुलैमध्ये कसे चालेल, हे आराखडा करणाऱ्यानेही पावसात तेथे उभे राहून पाहायला हवे. गणेश विसर्जनाच्या मार्गावर किंवा आठवडी बाजाराच्या रस्त्यावर असलेल्या जागेचेही तेच. भरलेला हूक लोडर वळतो तेव्हा त्याला किती मोकळी जागा लागते, हे प्रत्यक्ष गाडी आणून तपासता येते. ही तपासणी अर्ध्या दिवसाची असूनही ती वगळली जाते.

औद्योगिक पट्टा साहजिकच पुढे येतो. ठाण्यातील वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईतील टीटीसी औद्योगिक क्षेत्रात रस्ते रुंद आहेत, अवजड वाहनांची वर्दळ आधीचीच आहे आणि रात्री वस्ती विरळ असते. फक्त एक सावधगिरी ठेवावी: वागळे इस्टेटमधील अनेक कारखान्यांच्या जागी आता कार्यालये आणि निवासी मनोरे उभे आहेत. आज औद्योगिक असलेला शेजार दहा वर्षांनी तसाच राहील का, याचे उत्तर विकास आराखड्यात शोधावे.

आणखी एक निकष शासकीय तक्त्यात सहसा नसतो, तो म्हणजे आधीच्या भाराचा. दिवा, शीळ, डायघर, भंडार्ली, तुर्भे या गावांनी शहराचा कचरा वर्षानुवर्षे पाहिला आहे. तेथे जमीन मिळते आणि आवाज कमी उठतो, म्हणून पुढचेही केंद्र तिकडेच ढकलायचे, ही सवय मोडली पाहिजे. ज्या प्रभागात कचरा तयार होतो त्याच प्रभागात त्याचे हस्तांतरण व्हावे, असे म्हटले तर माजिवडा-मानपाड्याच्या टोलेजंग संकुलांनाही जागेच्या चर्चेत बसावे लागेल, आणि माझ्या मते ते योग्यच होईल.

प्रश्न: घरांपासून किती अंतर कायद्याने बंधनकारक आहे?

२०० मीटरचा जो आकडा सभांमध्ये सांगितला जातो तो २०१६ च्या नियमांत भरावभूमीसाठी (कचरा कायमचा पुरण्याच्या जागेसाठी) होता: नदीपासून १०० मीटर; तलाव, महामार्ग, वस्ती, सार्वजनिक उद्याने आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरी यांपासून २०० मीटर. दिवसाला पाच टनांहून अधिक कचऱ्याच्या प्रक्रिया व विल्हेवाट सुविधांभोवती ‘बफर झोन’ (बांधकाम न करता सोडलेला पट्टा) ठेवण्याची तरतूदही त्याच नियमांत होती. हस्तांतरण केंद्राला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. हरकत लिहिताना भरावभूमीच्या कलमाचा आधार घेतला, तर सुनावणीत ती एका वाक्यात फेटाळली जाते, आणि तिच्यासोबत इतर रास्त मुद्देही वाहून जातात. हे होताना मी पाहिले आहे. त्या दिवशी लागू असलेल्या नियमांची प्रत जवळ ठेवावी आणि अंतराबरोबरच बंदिस्तपणा, गाड्यांची वाट आणि कामाच्या वेळा यांवर बोट ठेवावे. दीडशे मीटरवरचे उघडे केंद्र साठ मीटरवरच्या पूर्ण बंदिस्त केंद्रापेक्षा जास्त त्रास देऊ शकते.

प्रश्न: पावसाळ्यात काय होईल?

माझ्या दृष्टीने सगळ्या आराखड्याची खरी परीक्षा येथे होते, आणि परदेशातील नमुने पाहून काढलेले आराखडे येथेच हमखास कमी पडतात. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे जुलैमध्ये नवलाचा नाही. १,००० चौरस मीटरच्या उघड्या फरशीवर तो पडला, तर १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर पाणी कचऱ्यातून वाहून काळे होते. ते भरायला दहा हजार लिटरचे दहा टँकर लागतील. असे पाणी साठवायला कोणत्याही केंद्रात टाकी नसते, त्यामुळे ते नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जाते. उपाय साधा आहे. छत असे हवे की कचऱ्याला पावसाचा थेंब लागू नये, आणि छतावरचे स्वच्छ पाणी व फरशीवरचे घाण पाणी यांच्या वाहिन्या पहिल्यापासून वेगळ्या हव्यात. म्हणजे केवळ ओल्या कचऱ्यातून झिरपणारे पाणी आणि फरशी धुतलेले पाणी एवढेच टाकीत जाते, आणि ते आवाक्यात राहते.

छताची पागोळी किती बाहेर आली आहे, तेही पाहावे. कोकणातला पाऊस सरळ पडत नाही. नैर्ऋत्येकडून तिरपा येणारा मारा अडवायला त्या बाजूची भिंत पूर्ण उंचीची लागते, आणि गाड्यांची दारे शक्यतो दुसऱ्या बाजूला ठेवावी लागतात. फरशीला जाळीच्या गटाराकडे उतार हवा आणि ती जाळी रोज उचलून गाळ काढता यावा. गाळ साचला की पाणी फरशीवरच फिरते, गाड्यांच्या टायरना लागते आणि रस्त्यावर काळे चट्टे उमटत जातात. शेजारच्या लोकांना वास येतो तो पुष्कळदा इमारतीतून न येता या रस्त्यावरच्या चट्ट्यांतून येतो. म्हणून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीची चाके धुण्याची जागा आराखड्यात असावी.

पावसाळ्यात कचऱ्याचे वजनही वाढते. भिजलेला कचरा घेऊन निघालेला कंटेनर आकारमानाने अर्धाच भरलेला असतो आणि तरी वजनाची मर्यादा ओलांडतो, त्यामुळे उन्हाळ्यात पुरणारी वाहने पावसाळ्यात अपुरी पडतात.

प्रश्न: वास, माश्या आणि आवाज यांचे काय?

वासाला औषधाच्या फवाऱ्यापेक्षा वेळ अधिक आटोक्यात ठेवते. ओला कचरा काही तासांत पुढे गेला तर तो फारसा आंबत नाही. रात्रभर राहिला की दुसऱ्या दिवशी सुगंधी फवारणी करूनही वासावर वास चढतो, इतकेच. ‘आधी आलेला कचरा आधी बाहेर’ हा क्रम पाळण्यासाठी ढिगाला दोन्ही बाजूंनी वाट हवी. नाहीतर कोपऱ्यातला कचरा आठवडाभर तसाच राहतो आणि माश्यांची पैदास तेथे होते.

आवाजाबाबत ध्वनिप्रदूषण नियम, २००० स्पष्ट आहेत. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल, औद्योगिक क्षेत्रात अनुक्रमे ७५ आणि ७०. त्रासदायक आवाज बहुधा यंत्राचा नसतो. मागे येणाऱ्या गाडीचा भोंगा आणि रिकामा कंटेनर जमिनीवर टेकल्याचा दणका यांनी झोपमोड होते. गाड्यांना एका दाराने आत येऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडता आले, तर मागे येण्याची गरजच उरत नाही.

प्रश्न: पुढचा प्रकल्प बंद पडला तर कचरा आमच्या दारात साचेल का?

होय, साचेल. ठाण्याच्या बाबतीत ही भीती पोकळ म्हणता येत नाही. शहराला स्वतःची कायमस्वरूपी भरावभूमी अनेक वर्षे नव्हती. कचरा दिव्याला जात होता. ते डम्पिंग २०२३ मध्ये बंद झाले आणि त्यानंतर भंडार्लीची तात्पुरती व्यवस्था व डायघरचा प्रकल्प यांवर भार आला. शेवटचे ठिकाण बदलते किंवा तेथे गाड्या अडवल्या जातात, तेव्हा घंटागाड्या मात्र थांबत नाहीत, कारण शहर रोज कचरा काढतेच. मधल्या केंद्रात एका बाजूने येणे चालू आणि दुसऱ्या बाजूने जाणे बंद, अशी स्थिती होते. तीन-चार दिवसांत ढीग छताला लागतो, आत उष्णता वाढते, आणि कोरड्या दिवसांत धुमसणारी आग लागण्याचा धोका असतो. बॅटऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू मिसळल्या असतील तर तो आणखी वाढतो.

म्हणून जागेइतकाच हा मुद्दा लावून धरावा. केंद्रात जास्तीत जास्त किती टन राहू शकतील याचा आकडा मंजुरीच्या अटींमध्ये लिहिलेला असावा. तो ओलांडला तर गाड्या कोणत्या दुसऱ्या ठिकाणी जातील, हे आधीच ठरलेले असावे, आणि त्या ठिकाणाची लेखी संमती जोडलेली असावी. ‘तशी वेळ येणार नाही’ हे उत्तर स्वीकारू नये. पर्यायी ठिकाणच नसेल, तर केंद्राची इमारत कितीही सुबक असली तरी तो प्रस्ताव अपुरा आहे.

प्रश्न: आम्ही वेगळा केलेला ओला-सुका कचरा तेथे पुन्हा एकत्र होतो, असे म्हणतात. खरे आहे का?

एकच फरशी आणि एकच कंटेनर असेल तर होतो. ओल्या आणि सुक्यासाठी वेगळ्या खोबणी, वेगळे कंटेनर आणि घरगुती घातक कचऱ्यासाठी कुलपाचा कोपरा आराखड्यात आहे का, ते पाहावे. दोन प्रवाहांसाठी जागा थोडी जास्त लागते. ती वाचवायला गेले की घराघरातील कष्ट वाया जातात.

प्रश्न: कचरावेचक आणि सफाई कामगारांसाठी काय तरतूद असावी?

सुका कचरा निवडून त्यावर पोट भरणाऱ्या बायका पहाटेपासून रस्त्यावर असतात. केंद्र बंदिस्त झाले की त्यांचा हा माल फाटकाआड जातो. त्यांना ओळखपत्र देऊन सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरणाचे काम केंद्रातच देता येते. त्यासाठी स्वतंत्र टेबल, पंखे आणि मालाची साठवण लागते, आणि गाड्यांच्या वाटेपासून हे ठिकाण वेगळे काढावे लागते. कामगारांसाठी हजेरीची जागा, अंघोळीची सोय, स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची खोली असावी. नकाशात या खोल्या असतात. बांधकाम संपता संपता त्यांचे गोदाम झालेले दिसते, म्हणून उद्घाटनानंतर महिनाभराने एकदा जाऊन पाहावे.

प्रश्न: हरकत कधी आणि कोठे घ्यावी?

भूखंड ठरल्यावर भरलेली सभा म्हणजे निकाल ऐकवण्याचा कार्यक्रम असतो. त्यापूर्वी, निकष ठरत असताना आणि तीन-चार जागा तुलनेत असताना, प्रभाग समितीकडे लेखी मागणी करावी की तुलनेचा तक्ता जाहीर करावा. प्रस्तावित जागेचे आरक्षण बदलायचे असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध होते आणि हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. ही सूचना वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते; सोसायट्यांनी मिळून कोणीतरी ती पाहण्याचे काम वाटून घ्यावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली मागितलेली माहिती ३० दिवसांत द्यावी लागते, त्यामुळे सूचना निघाल्यावर अर्ज केला तर उत्तर येईपर्यंत मुदत संपलेली असते. अर्ज आधी करावा आणि त्यात वाहतूक सर्वेक्षण, फेऱ्यांचा हिशेब, पर्यायी जागांचा तक्ता आणि पुढच्या प्रकल्पाशी झालेला करार इतके नेमके मागावे.

प्रश्न: सगळ्यांनी मिळून विरोध केला तर केंद्र टळेल का?

फलकावरचे केंद्र टळू शकते, हस्तांतरण टळत नाही. ते मग उड्डाणपुलाखाली, नाल्याच्या कडेला किंवा मैदानाच्या कोपऱ्यावर होते: घंटागाडी आणि डंपर पाठीला पाठ लावून उभे राहतात, मदतनीस फावड्याने कचरा चढवतो, खाली सांडलेला तसाच राहतो. आपल्याकडे अशी ठिकाणे आजही दिसतात, आणि त्यांना छत, वजनकाटा, टाकी किंवा जबाबदार अधिकारी यांपैकी काहीच नसते. म्हणून ‘नको’ म्हणताना कोणती अट पूर्ण झाल्यावर चालेल, हेही लिहून द्यावे. चुकीच्या जागेला मात्र ठाम विरोधच करावा. खारफुटीतल्या जागेला कोणत्याही अटी पुरत नाहीत.

प्रश्न: केंद्र सुरू झाल्यावर त्रास झाला तर तक्रार कशी करावी?

‘खूप वास येतो’ एवढे लिहिले तर कोणी येऊन जाते, त्या वेळी वास नसतो, आणि तक्रार निकाली निघते. तारीख, वेळ, वारा कोणत्या दिशेने होता, फाटकाबाहेर किती गाड्या उभ्या होत्या आणि त्यांतील एक-दोघांचे क्रमांक, असे नोंदवावे. वजनकाट्याच्या नोंदी रोज उपलब्ध असतात; आलेले आणि गेलेले टन यांतला फरक मागावा. तो फरक दोन-तीन दिवस वाढत असेल तर वास येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी प्रभाग कार्यालयात अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोहोच घ्यावी.